पिसवा मांजराच्या अंगावर, उपाय घरात

पावसाळा लागला की मांजर पाळणाऱ्या घरांत पिसवांची तक्रार वाढते. दमट हवा पिसूच्या अळ्यांना मानवते; कोरड्या हवेत त्या फारशा तग धरत नाहीत. मांजर धडधाकट असेल तर मानेवर औषधाचे थेंब टाकून प्रश्न बहुधा सुटतो. पण ते बारा-चौदा वर्षांचे असेल आणि त्याला मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर घरच्यांची पंचाईत होते. या वयातल्या मांजरांत हा विकार सर्रास आढळतो. औषध त्याला सोसेल का, ही एक चिंता आणि सतत खाजवणारे जनावर बघवत नाही, ही दुसरी. मग ‘काहीतरी सौम्य’ शोधले जाते आणि घोटाळा होतो तो याच शब्दापाशी.

पहिली गोष्ट म्हणजे, काहीच न करणे हा सौम्य उपाय नव्हे. पिसू रक्तावर जगते. रक्तातील लाल पेशी तयार करण्याचा संदेश देणारे संप्रेरक मूत्रपिंडात बनते. मूत्रपिंड थकले की ते कमी पडते आणि मांजराला मुळातच रक्तक्षय होऊ लागतो. अशा शरीरातून पिसवांनी रोज रक्त शोषणे धोक्याचे असते. हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, मांजर निपचित पडून राहू लागले, तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे जायला हवे. शिवाय अंग चाटताना पिसू गिळली गेली तर तिच्यातून पट्टकृमीही पोटात जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट, नैसर्गिक म्हणजे सौम्य असेही नव्हे. काही रसायनांचा निचरा करणारे यकृतातील एक एन्झाइम मांजरांत जवळजवळ निकामी असते. माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्यामागे हेच कारण आहे. टी ट्री तेल, कापूर, डांबरगोळ्या, फरशीला लावायचे फिनाईल यांपैकी काहीही मांजराच्या अंगावर किंवा अंथरुणात नको. अंगाला लागलेले सारे ते चाटून पोटात घेते. लसूण खाऊ घातल्याने पिसवा पळतात हा समजही घातक आहे. लसूण आणि कांदा मांजराच्या लाल पेशी फोडतात. आधीच रक्त कमी असलेल्या मांजराला तर ते विषच.

सर्वांत मोठा धोका मात्र कुत्र्याच्या औषधाचा. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरील अनेक थेंबांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते. मांजराला त्याने थरथर सुटते, झटके येतात, मृत्यूही ओढवतो. ‘थोडेसेच लावू’ हा हिशेब इथे चालत नाही. घरात कुत्राही असेल तर त्याला लावलेल्या औषधाचीही चौकशी करायला हवी, कारण दोघे एकमेकांना बिलगून झोपतात.

मग खरोखर सौम्य ते काय? त्यासाठी पिसूचा संसार समजून घ्यावा लागतो. मांजराच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती गुळगुळीत असल्याने अंगावरून घरंगळून चादरीत, सोफ्याच्या फटीत, सतरंजीत पडतात. कोषातली पिसू काही महिनेही दबा धरून राहते आणि ऊब किंवा पावलांचा हादरा जाणवला की बाहेर येते. म्हणूनच औषध लावल्यावरही पिसवा दिसत राहतात. त्याला ‘औषध लागू पडले नाही’ समजून पुन्हा मात्रा दिली जाते आणि आजारी शरीरावर दुहेरी भार पडतो.

तेव्हा कष्ट घरावर घ्यावेत, मांजरावर नव्हे. त्याचे अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. जिथे ते झोपते तिथल्या फटी, गाद्या आणि सतरंज्या व्हॅक्यूम क्लीनरने झाडून आतला कचरा लगेच बाहेर टाकावा. हे एकदा करून भागत नाही. दोन-तीन महिने नेटाने करावे लागते. अंगावरच्या पिसवांसाठी उवा काढायची बारीक दातांची फणी रोज हलक्या हाताने फिरवावी आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. फणीत आलेली काळी कणी ओल्या कागदावर ठेवल्यावर तांबूस झाली, तर ती पिसूची विष्ठा समजावी. आंघोळ मात्र टाळलेली बरी. अशक्त मांजराला त्याने गारठा आणि धसका दोन्ही बसतात.

एवढ्याने भागले नाही तर औषध लागतेच आणि ते निषिद्ध नाही. मांजरांसाठीच बनलेली औषधे आहेत; मात्र कोणते आणि किती, हे ताजे वजन, रक्ततपासणी आणि चालू गोळ्यांची यादी पाहून पशुवैद्यकाने ठरवावे. पूर्वी झटके आले असतील तर ते आवर्जून सांगावे. आयसोक्साझोलिन गटातील औषधांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तशी सावधगिरीची सूचना दिलेली आहे. घरातल्या इतर जनावरांवरही त्याच वेळी उपचार व्हावेत, नाहीतर पिसवा इकडून तिकडे फिरत राहतात.

यात दुकानदारांचीही जबाबदारी आहे. ‘पिसवांचे औषध द्या’ म्हणणाऱ्याला ‘कुत्र्यासाठी की मांजरासाठी?’ एवढा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. ‘मांजरांसाठी नाही’ हा इशारा खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत असायला हवा. तो येईपर्यंत खोक्यावरचे बारीक अक्षर वाचण्याची सवय आपणच लावून घ्यावी. कुठे दुखते हे मांजर सांगत नाही आणि औषध नको असे म्हणायचीही त्याला सोय नाही.