जुन्या मोटारींतील तांबडा दिवा

आजोबांच्या वेळची फियाट किंवा तिचाच पुढील अवतार प्रीमिअर पद्मिनी ज्या घरीं अद्याप मायेनें सांभाळलेली आहे, त्या घरच्या मंडळींकरितां या महिन्याचें हें टिपण आहे. इंदापूर तालुक्याला या गाडीविषयीं थोडा अधिक जिव्हाळा वाटल्यास नवल नाहीं. ज्या वालचंद हिराचंदांच्या नांवानें वालचंदनगर वसलें, त्यांनींच १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. घरगुती गाड्यांना मात्र तशी सक्ती नाहीं.

अशा गाडीच्या डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला कीं घरांत दोन पक्ष पडतात. वडीलधारे म्हणतात, "जुनी गाडी, चालायचेंच." तरुण म्हणतात, "बॅटरी बदला." दिवा कोणता, हें बहुधा कोणींच पाहिलेलें नसतें. आजच्या मोटारीला यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचतां येतो. येथें ती सोय नाहीं. दिवा केव्हां लागतो व केव्हां विझतो, यावरूनच निदान करावें लागतें.

आरंभ किल्लीपासून करावा. किल्ली फिरवून, पण इंजिन सुरू न करतां, तेलाचा व चार्जिंगचा असे दोन्ही दिवे लागले पाहिजेत. एखादा न लागल्यास बहुधा त्याचा बल्ब गेलेला असतो, आणि असा मुका दिवा पेटलेल्या दिव्यापेक्षां अधिक घातक होय.

चालत्या गाडींत तेलाचा दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. "भिगवणपर्यंत तरी जाऊं" हा विचार मनांत आणूं नये. हा दिवा तेलाचें माप सांगत नाहीं, दाब सांगतो. दाबाखालील तेलाच्या पातळ थरावर इंजिनाचे बेअरिंग फिरतात. तो थर तुटला कीं थोड्याच वेळांत ते खरवडले जातात, व मग इंजिन उघडण्याचा खर्च एखाद्या लग्नाच्या बस्त्याशीं स्पर्धा करतो. गाडी सपाट जागीं कांहीं मिनिटें उभी ठेवून पट्टीनें तेल पाहावें. तें पुरेसें असल्यास इंजिनावरील तेलदाबाच्या स्विचची एकच तार काढून किल्ली फिरवावी. दिवा पेटलेलाच राहिला तर तार कोठेंतरी गाडीच्या पत्र्याला टेकली आहे. विझला तर तार निर्दोष. मग दोष स्विचचा किंवा खरोखरच दाबाचा. यांतील कोणता, हें स्विचच्या जागीं दाबमापक लावूनच कळतें. तें काम मिस्त्रीचें, आणि तोंवर गाडी ओढून न्यावी हें उत्तम.

चार्जिंगच्या दिव्याची गोष्ट निराळी. गळिताच्या हंगामांत भवानीनगरच्या आसपास उसाच्या गाड्यांमागें रखडतांना हा दिवा मिणमिणूं लागतो व प्रवासी धास्तावतात. डायनामोच्या जुन्या गाडींत हें स्वाभाविक आहे. दिवा बॅटरी व डायनामो यांच्या मध्यें जोडलेला असतो. दोहोंचा विद्युत्‌दाब सारखा झाला कीं तो विझतो, आणि मंद गतींत डायनामोला तेवढा दाब देतां येत नाहीं. इंजिनाची गति वाढवितांच दिवा विझल्यास निश्चिंत असावें. मागाहून अल्टर्नेटर बसविलेल्या गाडीला मात्र ही सवलत देऊं नये.

वेगांतहि दिवा विझत नसेल तर थांबून पंख्याचा पट्टा पाहावा, कारण तोच पट्टा डायनामोबरोबर पाण्याचा पंपहि फिरवितो. तो तुटला असतां एप्रिल-मेच्या उन्हांत इंजिन लवकरच उकळूं लागतें. बॅटरीवर संशय घेणारे तरुण येथें फसतात. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. वाफेनें हात व तोंड भाजतें. पट्टा शाबूत व ताठ असून पाण्याचा कांटाहि जागेवर असेल, तर दिवसाउजेडीं, दिवे न लावतां, जवळच्या गांवापर्यंत बॅटरीवर जातां येतें. रात्रीं तो धोका पत्करूं नये.

एक सुटा पट्टा व त्याला लागणारे पाने डिकींत असावेत. पट्टा घ्यावयास जातांना जुना सोबत न्यावा. लांबींत थोडाहि फरक पडला तर तो नीट ताणून बसत नाहीं.