फक्त हरणाऱ्यांसाठी

ब्रिटनमधल्या सट्टा कंपन्या आंधळ्या आहेत असं कुणी समजू नये. कोण चार पैसे घेऊन जायला आलाय आणि कोण कपडे उतरवून द्यायला आलाय, हे त्यांना महिना-दीड महिन्यात बिनचूक कळतं. हे मी ऐकीव सांगत नाही. इंग्लंडात राहून त्यांचेच बोनस त्यांच्याच नियमांत बसून मी वसूल केले आहेत, आणि एकेक करत त्यांनी माझी खाती आवळली आहेत. त्याचं मला दुःख नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्यांच्या डोळ्यांत माझे वीस-बावीस पौंड सलतात, त्यांना शेजारच्या माणसाचा आख्खा पगार बुडताना दिसत नाही, ही थाप आता पुरे झाली.

हा प्रकार काय आहे ते आधी सांगतो. इथे त्याला मॅच्ड बेटिंग म्हणतात. नवं खातं उघडणाऱ्याला कंपनी गाजर दाखवते: १० पौंडांची पैज लावा, ३० पौंडांची ‘फ्री बेट’ मिळवा. त्यात मेख दोन ठिकाणी. हे ३० पौंड रोख काढता येत नाहीत, ते पैजेवरच लावावे लागतात. आणि पैज जिंकलीच तर फक्त वरचा नफा हाती येतो, मूळचे ३० परत मिळत नाहीत. आवळा देऊन कोहळा काढायचा हा धंदा शतकानुशतके चालू आहे. इथे फक्त आवळा ॲपमधून येतो.

आता या आवळ्याचे रोख पैसे कसे करायचे? त्याची सोय २००० साली झाली. त्या वर्षी अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे या दोघांनी बेटफेअर हे एक्स्चेंज सुरू केलं. तिथे समोर बुकी नसतो, तुमच्या-माझ्यासारखाच दुसरा माणूस असतो. म्हणजे मुंबईच्या सट्टेबाजांच्या भाषेत बोलायचं, तर तिथे पैज ‘लावता’ही येते आणि ‘खाता’ही येते, म्हणजे संघ जिंकणार नाही यावरही पैसे लावता येतात. मग बुकीकडे लिव्हरपूल जिंकणार म्हणून १० पौंड २ च्या भावाने (जिंकल्यास मुद्दलासकट दुप्पट) लावायचे, आणि एक्स्चेंजवर तेच लिव्हरपूल २.०६ च्या भावाने ९ पौंड ८० पेन्सना खायचं. एक्स्चेंजचं २ टक्के कमिशन धरून लिव्हरपूल जिंको वा न जिंको, तुमचे जातात ३९ पेन्स. त्या ३९ पेन्सांत ३० पौंडांची फ्री बेट हातात पडते. ती मुद्दाम चढ्या भावावर, समजा ६ वर लावायची आणि दुसरीकडे ६.२ ने २४ पौंड २७ पेन्सना खायची. त्यासाठी एक्स्चेंजवर १२६ पौंड अडकवून ठेवावे लागतात, पण निकाल काहीही लागला तरी २३ पौंड ७९ पेन्स तुमचे. मधले ३९ पेन्स वजा केले की २३ पौंड ४० पेन्स. त्यावर करही नाही, कारण पैज लावणाऱ्याच्या खिशातून जाणारा कर ब्रिटनने २००१ मध्येच रद्द केला.

यात नशीब कुठेही नाही. सातवीतल्या पोराला जमेल एवढं गणित, आणि आकडा चुकीच्या चौकटीत टाकायचा नाही एवढी सावधगिरी. मग आमच्यासारखी डोकेबाज मंडळी यावर तुटून पडली यात नवल काय? ऑफिसात दिवसभर एक्सेल, रात्री घरी पुन्हा एक्सेल, फक्त त्यात घोडे. लंडनच्या आसपास गणपतीच्या कार्यक्रमांत मोदक खाताखाता हे ज्ञान एकमेकांना दिलं जातं. ‘अरे, ह्यात जुगार कुठे आला? रिस्क झिरो!’ असं सांगणाऱ्या एका मित्राला मी म्हटलं, ‘मग सासऱ्यांना सांग की, जावई काय करतो ते.’ तो म्हणाला, ‘वेडा आहेस का? त्यांना कळणार नाही.’ सासऱ्यांना बरोबर कळेल, हीच तर त्याची अडचण.

पण मित्राचं सोवळं तूर्त बाजूला ठेवू. कंपनी काय करते ते बघा.

ती तुमच्यावर पाळत ठेवते. तुम्ही फक्त बोनस असेल तेव्हाच उगवता. पैज नेमकी बोनसला लागते तेवढीच लावता. तुम्ही घेतलेला भाव एक्स्चेंजच्या भावाला खेटून असतो. कॅसिनोच्या पानावर तुम्ही फिरकत नाही. पैसे आले की त्याच दिवशी बँकेत काढता. एवढ्या खुणा पुरतात. मग एक दिवस गोड इंग्रजीत निरोप येतो की यापुढे आपल्याला सवलती लागू नाहीत. त्यानंतर पैजेवरच बंधन येतं. एका कंपनीच्या ॲपवर मी ५ पौंड लिहून बटण दाबलं, तर समोर आलं: जास्तीत जास्त पैज ७ पेन्स. सात पेन्स! एवढ्यात इथे चहाची पुडीसुद्धा येत नाही. ‘तुम्ही गिऱ्हाईक म्हणून नको आहात’ असं सरळ म्हणायला तोंड नाही, म्हणून हा शहाजोगपणा.

यावर मॅच्ड बेटिंगवाल्यांनी काढलेला तोडगा तर त्याहून बहारदार. कंपनीने हाकलू नये म्हणून मूर्खाचं सोंग घ्यायचं. शनिवारी पाच-सहा सामन्यांची माळ ओवून तिच्यावर ५ पौंड उधळायचे. आवडत्या संघावर भाव न बघता पैज लावायची. स्लॉट मशीनची चार चक्रं फिरवायची. हरणारा दिसलात तरच टिकाल. जो धंदा गिऱ्हाइकाला हरण्याचा अभिनय करायला लावतो, त्याला आणखी कुठल्या प्रमाणपत्राची गरज आहे? आणि सोंग घेतलेल्यांपैकी काहींचं सोंग रात्री दोन वाजता स्लॉटपुढे खरं होऊन बसतं. फुटबॉलच्या बोनससोबत कॅसिनोची फुकट चक्रं बांधून द्यायची चाल कंपन्यांनी उगाच काढली नव्हती. जानेवारी २०२६ पासून ही बांधाबांध नियमाने बंद झाली, आणि बोनस रोख व्हायच्या आधी त्याच्या ५०-५० पट पैजा लावून घेण्याच्या अटीवर १० पटींची मर्यादा आली. चांगलं झालं. पण दार बंद करताना घरातलं किती आधीच गेलं होतं, तेही मोजा.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती माझी नाही, ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने कागदावर आणलेली आहे. मार्च २०२३ मध्ये विल्यम हिल समूहातल्या कंपन्यांना १ कोटी ९२ लाख पौंड भरावे लागले. त्या दिवसापर्यंतची ती विक्रमी रक्कम होती. कारणांपैकी एक असं: एका गिऱ्हाइकाने नवं खातं उघडलं आणि कुठलीही चौकशी न होता २० मिनिटांत २३,००० पौंड उडवले. दुसऱ्याने चोवीस तासांत १८,०००. तिसऱ्याने दोन दिवसांत ३२,५००. परवानाच स्थगित करावा का, याचा विचार झाला होता, असं कमिशनच्या प्रमुखांनी तेव्हा सांगितलं.

वीस मिनिटं! एवढ्या वेळात जेमतेम कुकरच्या शिट्ट्या होतात. आणि या धंद्याचा नेहमीचा बचाव काय? एवढ्या लाखो खात्यांत प्रत्येकावर लक्ष कसं ठेवणार, जोखमीचं गिऱ्हाईक ओळखणं अवघड असतं. अवघड? या धंद्याची यंत्रणा माझ्या दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांवरून माझी कुंडली मांडते. माझी पैज ५ पौंडांवरून ७ पेन्सांवर आणायला तिला कुणाची परवानगी लागत नाही, माझी पगाराची पावती लागत नाही, संसदेत चर्चा लागत नाही. तेच बटण बुडत्या माणसाच्या खात्यावर दाबायचं म्हटलं की मात्र व्यक्तिस्वातंत्र्य आठवतं.

आणि ते फार जोरात आठवतं. गिऱ्हाइकाला हा तोटा परवडतो का, याची तपासणी करावी असा प्रस्ताव आला, तेव्हा घोड्यांच्या शर्यतींच्या जगातून एक लाखावर सह्यांचा अर्ज गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेत त्यावर चर्चा झाली. माणसाच्या खासगी पैशांत डोकावणं म्हणजे केवढा अत्याचार! तो जिंकतोय की हरतोय, कधी पैसे काढतोय, कुठल्या भावाला हात घालतोय, हे दिवसरात्र पाहणं मात्र अत्याचार नाही. तो ‘ग्राहकसेवे’चा भाग.

कारण हिशेबात आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने जुलै २०२० च्या अहवालात लिहून ठेवलं आहे, की या धंद्याचा ६० टक्के नफा अशा ५ टक्के लोकांकडून येतो, जे जुगाराच्या विळख्यात सापडलेले आहेत किंवा सापडण्याच्या बेतात आहेत. गिऱ्हाईक बुडणं हा या धंद्यातला अपघात नाही, ते या धंद्याचं पीक आहे. इंग्लंडमध्ये जुगाराशी जोडलेल्या आत्महत्यांचा सरकारी अंदाज वर्षाला ११७ ते ४९६ असा आहे. आणि या सगळ्यावर धंद्याने वर्षानुवर्षं चिकटवलेलं घोषवाक्य काय होतं? मजा संपली की थांबा. त्यातही ‘मजा’ हा शब्द इतरांपेक्षा मोठ्या अक्षरांत! करणी कसायाची, बोलणी मानभावाची.

काही विद्वान म्हणतील, खासगी दुकान आहे, कुणाला माल विकायचा ते दुकानदार ठरवेल. ठरवू दे की. मग जाहिरातीत ‘या, सगळे या’ असा हाकारा कशाला? दारावर पाटी लावा: फक्त हरणाऱ्यांसाठी. आणि दुकानदाराचा हा हक्क काही आकाशातून पडलेला नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने २०१४ पासून घोड्यांच्या शर्यतींपुरता नियम केला, की बुकीने ठरावीक रकमेपर्यंतची पैज, लावणारा जिंकणारा आहे म्हणून नाकारायची नाही. बुकी ओरडले आणि धंदा करत राहिले.

आता मित्राचं सोवळं. बोनसचे ते २३ पौंड कंपनीच्या मालकाने घरची भांडी विकून आणलेले नसतात. बोनसचा खर्च ज्या गल्ल्यातून निघतो, तो गल्ला त्या ५ टक्क्यांनी भरलेला असतो. तेव्हा ‘मी बुकीला लुटलं’ ही फुशारकी कुणी माझ्यापुढे मारू नये. बुकी लुटला जात नाही. आपण मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो, तेही चमचाभर, आणि वर म्हणतो की हे गणित आहे. मी ते खाल्लं आहे, म्हणून त्याची चव मला ठाऊक आहे. आणि ठाऊक असलेल्याने गप्प बसण्यात काही शहाणपण नाही.

शिवाय लोणी लवकर संपतं. नव्या खात्यांचे बोनस संपले, जुनी खाती आवळली, की काही जण बायकोच्या नावावर खातं काढतात, मग भावाच्या, मग घरात पेइंग गेस्ट राहिलेल्या विद्यार्थ्याच्या. त्याला शंभर पौंड टेकवायचे आणि त्याची ओळखपत्रं वापरायची. इथे गणित संपलं आणि फसवणूक सुरू झाली, हे समजायला वकील लागत नाही. पुढे घराचं कर्ज मागायला जाल, तेव्हा बँक स्टेटमेंटवरच्या सट्टा कंपन्यांच्या रांगा बघून समोरचा माणूस भुवया उंचावेल. त्याला तुमचं एक्सेल समजावत बसा.

आणि पुण्या-नाशिकात बसून हे वाचताना ज्यांचे डोळे चमकले असतील, त्यांनी ते लगेच मिटावेत. हे गणित ब्रिटनमध्ये जमतं, कारण तिथे बुकीला परवाना आहे, एक्स्चेंजला परवाना आहे आणि पैसे अडले तर दाद मागायला जागा आहे. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं, दोन्ही गुन्हा ठरलं. तरीही बोनस देऊ करणारं जे परदेशी ॲप टेलिग्रामवरून तुमच्यापर्यंत येतं, ते तुम्हाला आवळासुद्धा देणार नाही. पैसे आत जातील, बाहेर यायच्या वेळी ‘आणखी भरा’ असा निरोप येईल, आणि तक्रार करायला गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. मला माझी खाती परत नकोत. मला एवढंच हवंय, की कमिशनने प्रत्येक कंपनीकडून दर तिमाहीला दोन आकडे मागून जाहीर करावेत: जिंकतात म्हणून किती खाती आवळली, आणि हरतात म्हणून किती. दोन्हींसाठी सरासरी किती दिवस लागले, तेही शेजारी छापावं. कुणालाही नवं यंत्र विकत घ्यावं लागणार नाही. यंत्र आहे, चालतं, उत्तम चालतं, माझ्यावर चालवून झालेलं आहे. ज्या कंपनीला जिंकणारा दीड महिन्यात सापडतो आणि हरणारा वर्षभर सापडत नाही, तिला दंड नको, नोटीस नको, समज तर नकोच नको. तिचा परवाना काढून घ्या.