शंभर रुपयांत सुटणारे कर्तव्य

१९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी नागपुरात सुमारे ५४ टक्के मतदान झाले. बावीस लाखांहून अधिक मतदारांपैकी दहा लाखांनी आपला हक्क बजावला नाही. त्याच दिवशी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळजवळ ७२ टक्के मतदान झाले. तेथील बऱ्याच भागांत सुरक्षिततेसाठी दुपारी तीनलाच मतदान थांबवले जाते. दुर्गम केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने न्यावे लागतात. रानवाटा तुडवत येणारा आदिवासी बांधव रांगेत उभा राहतो आणि हाकेच्या अंतरावर केंद्र असलेला नागपूरकर उन्हाचे निमित्त पुढे करतो!

हे पाहून आपल्यातील सुशिक्षित मंडळी सहज म्हणतात, ‘मतदान सक्तीचे करा, न करणाऱ्यास दंड ठोठवा.’ हा उपाय रोगापेक्षा घातक आहे.

गुजरातचे उदाहरण घ्या. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदान सक्तीचे करणाऱ्या विधेयकास तेथे २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली. २०१५ मध्ये शंभर रुपये दंड ठरला आणि ऑगस्टमध्येच उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सुखवस्तू माणूस शंभर रुपये फेकून मोकळा होईल; जाच होईल तो पोटासाठी गाव सोडलेल्या मजुराला. त्याचे नाव गावच्या यादीत, पोट परगावी. मत द्यायला जावे तर रोजी बुडते, न जावे तर दंड!

ऑस्ट्रेलियाचा दाखला हमखास दिला जातो. तेथे १९२४ मध्ये सक्ती आली आणि मतदान साठ टक्क्यांच्या आतून नव्वदीपार गेले, हे खरे. परंतु तेथे मतदान शनिवारी असते. टपालाने अथवा आधीही मत देता येते. आपल्या राज्यातील अन्य केंद्रावरही देता येते. तेथील शासन आधी मतदाराची वाट सुकर करते. आपण मात्र वाट न करताच छडी उगारणार!

मूळ प्रश्न सदसद्विवेकाचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मतदानाचा हक्क आणि कर्तव्य यांचा एकत्र उल्लेख केला, तो सर्वांच्या हितासाठी मुक्तपणे मत देण्याचा. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने कर भरण्याच्या पंक्तीला मतदान बसवले, नैतिक बंधन म्हणून. दंड भरून नैतिक बंधन फिटत नाही. उलट त्याला किंमत चिकटते आणि किंमत मोजणाऱ्याचे मन निर्धास्त होते.

म्हणून सक्तीला विरोध करणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. ‘एकही उमेदवार लायक नाही’ ही सबब २०१३ पासून उरलेली नाही. ‘नोटा’चे बटण यंत्रावर आहे. ब्रिटिश अमदानीत मालमत्ता वा शिक्षण असणाऱ्यांनाच मत होते. प्रत्येक प्रौढाच्या हाती ते देणाऱ्या राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. आंबेडकर, त्यांच्या दीक्षाभूमीच्या नगरीत निम्मे मतदार उदासीन राहावेत, हे आपणा सर्वांना लाजिरवाणे आहे.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील स्पेलिंगची चूक आपण हट्टाने दुरुस्त करून घेतो. तोच हट्ट मतदार यादीपाशी का नसावा? मुलगा अठरा वर्षांचा झाला की नमुना ६ भरा. घर बदलले की नमुना ८. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींचे नाव यादीत आहे का, तेही पाहा, आणि मतदानाच्या दिवशी त्यांना सोबत घेऊन जा. एवढे प्रत्येक कुटुंबाने केले, तर दंडाचा कायदा मागण्याची वेळच कोणावर येणार नाही.