आवाजाने लिहिता येतं, पण तपासायचं कसं?

इथे स्कोफिल्ड्सला गेल्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले होते. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. उतारवयात दृष्टी गेली की ब्रेल येत नसतं आणि न पाहता टाइप करायची सवयही नसते. म्हणून मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, स्क्रीन वाचून दाखवणारा ऑर्का सुरू केला आणि आवाजाने लिहिण्याची सोय जोडून दिली.

सलाइन लावलेल्या हाताबद्दल बाबांनी गावच्या डॉक्टरांना निरोप सांगितला, “शीर अजून दुखते.” स्क्रीनवर उमटलं, “शिर अजून दुखते.” म्हणजे डोकं! ऑर्काने ते वाचून दाखवलं, पण कानाला फरक कळला नाही. बाबा म्हणाले, “बरोबर आहे, पाठव.” मी शेजारी होते म्हणून चूक सापडली.

तुम्ही म्हणाल, ओळखण्याचं तंत्र सुधारलं की हे सुटेल. मला तसं वाटत नाही. ऐकून लिहिणं हे तीन कामांपैकी फक्त पहिलं काम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं व्हिस्पर हे मुक्त मॉडेल इंटरनेटशिवाय घरच्या संगणकावर चालतं आणि त्याला मराठीही कळतं, जरी चुका इंग्रजीपेक्षा बऱ्याच जास्त होत असल्या तरी.

दुसरं काम संगणक चालवण्याचं. लिनक्सच्या जुन्या एक्स-११ व्यवस्थेत एक प्रोग्राम दुसऱ्याला खोटे कळदाब पाठवू शकत असे. आवाजी आज्ञांची साधनं त्यावरच चालायची, पण पासवर्ड चोरणाऱ्यालाही तीच वाट मोकळी होती. नव्या वेलँडने ती बंद केली, हे योग्यच झालं. मात्र त्या साधनांची पंचाईत झाली.

माझ्या मते इथे खोटे कळदाब हा उपायच नव्हे. ऑर्का ज्या एटी-एसपीआय या दुव्यातून माहिती घेतो, त्यातून प्रत्येक प्रोग्राम सांगू शकतो, “हे बटण आहे, नाव ‘पाठवा’, ते दाबता येतं.” मग आवाजी आज्ञेनेही ते नावानेच दाबावं. अट एकच, प्रोग्राम लिहिणाऱ्याने बटणाला नाव दिलेलं हवं. नाहीतर ऑर्का नुसतं “बटण” म्हणतो.

तिसरं काम तपासण्याचं, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष आहे. दिन-दीन, सुत-सूत अशा जोड्या मराठीत कितीतरी आहेत. अशा ठिकाणी यंत्राने थांबून विचारावं, “शिर म्हणजे डोकं, की शीर म्हणजे रक्तवाहिनी?” डोळस माणसाला हा प्रश्न कटकटीचा वाटेल. बाबांना तो हवा आहे.

विंडोजसाठीचा मोफत एनव्हीडीए २००६ साली इथे ऑस्ट्रेलियातच मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केला. ज्याची अडचण त्यानेच उत्तर शोधलं. आपण डोळस मंडळी निदान हातभार लावू शकतो. तुम्ही सॉफ्टवेअर लिहीत असाल, तर स्क्रीन झाकून अर्धा तास ते ऑर्कावर वापरून बघा. लिहीत नसाल, तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी वाक्यं वाचून आवाज द्या. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, ज्या वळणाचं मराठी तुमच्या घरी बोलतात, त्याच वळणाने वाचा.

बाबांना निरोप पाठवण्याआधी मला हाक मारावी लागू नये, एवढंच मागणं आहे.