पाइप गॅसवरचा गिझर अजून का टिकून आहे?

आमच्या सोसायटीत पाइप गॅस यायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न शेगडीचा नव्हता. "गिझरलाही पॉइंट देणार ना?" हा होता. सोलर आणि हीट पंपाच्या जमान्यात हे उलटं वाटतं, म्हणून मी हिशोब मांडून पाहिला.

चौघांना रोज १०० लिटर गरम पाणी लागतं असं धरा. ते २० अंशांवरून ४५ वर न्यायला २,५०० किलोकॅलरी, म्हणजे विजेचे जवळपास ३ युनिट लागतात. युनिटला ११ रुपये धरले तर ३३ रुपये. गॅसच्या एका घनमीटरमध्ये साधारण ८,५०० किलोकॅलरी असतात. २० टक्के उष्णता धुराबरोबर गेली तरी ०.३७ घनमीटर पुरतो. ५० रुपये दराने झाले साडेअठरा.

शिवाय वेग. मिनिटाला ६ लिटर पाणी तेवढंच तापवायला साडेदहा किलोवॅट लागतात. घरातल्या पॉवर पॉइंटवर मिळतात जेमतेम ३. म्हणून तर विजेच्या गिझरला टाकी लागते!

हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे तेच काम साधारण १ युनिटात होतं. ११ रुपये. इथे गॅस हरतो. पण कार्बनमध्ये गंमत आहे: आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सुमारे ०.७ किलो. गॅसचा हिशोबही पाऊण किलोच्या आसपास येतो. साधा विजेचा गिझर मात्र २ किलोच्या वर जातो. म्हणजे आज गॅस आणि हीट पंप बरोबरीत. ग्रिड जसजसं स्वच्छ होईल तसा पंप पुढे जाईल, गॅस आहे तिथेच राहील. तूर्त अडतं ते पंपाच्या किमतीवर आणि जागेवर.

गॅसची खरी भीती वेगळीच आहे. बंद बाथरूममध्ये ज्वालेला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, आणि माणसं आंघोळ करतानाच बेशुद्ध पडतात. गिझर बाल्कनीत किंवा ड्राय एरियातच हवा, यात मी तडजोड करणार नाही.

दराचंही सांगता येत नाही. देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस आयात होतो. शहर गॅस कंपन्यांना मिळणारा स्वस्त देशी गॅस ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लागोपाठ दोनदा कमी केला गेला. आमच्या मीटिंगमध्ये मी एवढंच सुचवलं: गॅसचा पॉइंट घ्या, पण गच्चीवरचं सोलर काढू नका. पावसाळ्यातले चार महिने गॅस, बाकी ऊन.