साडेतीन हजारांचे अंडे

पूर्वी दिवाळीच्या सुटीत घरात चार मुले जमली की पत्त्यांचा डाव पडे. फार तर सापशिडी निघे. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत जो बाजार भरला होता, त्याचा हिशेब मला अजून पुरता लागलेला नाही. मी कॉलेजच्या चाचणीचे पेपर तपासत कोपऱ्यात बसलो होतो. एवढ्यात माझ्या नववीतल्या कन्येचा आवाज कानी आला, "अंडं साडेतीन हजारांना, पिल्लू सात हजारांना. शिकवणावळ दीड हजार वेगळी."

मी पेन खाली ठेवले. साडेतीन हजारांचे अंडे घालणारी कोंबडी आमच्या मलकापुरात आली कोठून? (मलकापूर म्हटले की कोणते ते सांगावे लागते. बुलढाण्याचे वेगळे, शाहूवाडीकडचे वेगळे. आमचे कराडच्या दाराशी, पुणे-बंगळूर रस्त्यावर, आगाशिवाच्या लेण्यांच्या पायथ्याशी आहे. चोवीस तास नळाला पाणी देणारे गाव म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. अंड्यांबद्दल अद्याप नाही.)

चौकशी केली तेव्हा कळले की हा खेळ आहे. पुण्याहून आलेल्या भाच्याने तो आणला होता. नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. याला पट लागतोच असे नाही, सोंगट्याही नसल्या तरी चालतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात आणि "मी आता अमुक करतो" असे म्हणतात. ते साधले की फसले, हे फासा ठरवतो. फासेही आपल्या सारीपाटाचे नव्हेत. चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे. मी मनाशी म्हटले, हे तर कीर्तनच. फक्त श्रोत्यांनी बुवांना मध्येच अडवायचे आणि आख्यान दुसरीकडे वळवायचे.

माझी कन्या त्या गोष्टीत एक शूर स्त्री झाली होती आणि तिला ग्रिफन घ्यायचा होता. ग्रिफन म्हणजे धड सिंहाचे, डोके आणि पंख गरुडाचे. मुलांना वाटत होते की मास्तर आता नाक मुरडतील. पण मला त्यात परके काही वाटले नाही. आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आहेत, पंजात हत्ती धरणारा दोन डोक्यांचा गंडभेरुंड आहे. फरक इतकाच की शरभाला दगडात बसवून आपण हात जोडले. तो बाजारात कितीला मिळेल, त्याला खोगीर कसले लागेल, हे आपल्या कोणा शिल्पकाराने लिहून ठेवले नाही. या लोकांनी मात्र लिहिले आहे. त्यांच्या प्राण्यांच्या पोथीच्या 2003 सालच्या आवृत्तीत भावाचे कोष्टकच सापडले. ग्रिफन परवडत नसेल तर घोडा आणि गरुड यांचे मिश्रण असलेला हिप्पोग्रिफ घ्यावा. त्याचे अंडे दोन हजार सोन्याची नाणी, शिकवणावळ एक हजार.

आमचे वडील, म्हणजे घरातल्या सगळ्यांचेच आबा, खिडकीशी खाटेवर पडून होते. वय शहात्तर. डोळे मिटलेले. पण 'अंडं' आणि 'शिकवणावळ' हे शब्द कानी पडताच एक डोळा उघडला.

"कसलं जनावर म्हनायचं ह्ये?"

कन्येने पुस्तकातले चित्र नेऊन दाखवले. आबांनी ते लांब धरून पाहिले. आमच्याकडे बैलाला पाहतात त्याच क्रमाने पाहिले. आधी पाय, मग छाती, मग तोंड.

"दात न्हाईत. वय कसं वळखायचं?"

"आबा, त्याला चोच आहे."

"खातंय काय?"

भाच्याने पुस्तक चाळून सांगितले, "घोडे. घोड्याचं मांस त्याला फार आवडतं."

"आन् तुमी हिंडताय कशावर?"

"घोड्यांवर."

आबा उठून बसले. "मग त्येला बांधनार कुठं?"

खोलीत शांतता पसरली. तीन दिवस खेळ चालला होता. सोन्याची नाणी मोजून झाली होती. पण जनावर घरी आणल्यावर त्याची दावण कोठे घालायची, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. भाचा वहीत काहीतरी लिहू लागला. त्यानंतर आबांची खाट खेळाच्या जवळ सरकली ती सरकलीच.

शिकवण्याचा नियम असा निघाला. ग्रिफन आधी शिकवणाऱ्याशी सलगीने वागू लागला पाहिजे. तोवर शिकवणे सुरूच होत नाही. मग सहा आठवड्यांची मेहनत. आणि शेवटी वीस बाजूंचा फासा टाकून, त्यात आपले कसब मिळवून, बेरीज पंचवीस भरली पाहिजे. पहिली अट ऐकून आबांनी मान डोलावली. म्हणाले, "ह्ये लिवनारा गोठ्यात झोपल्याला दिसतोय."

हा अभिप्राय साधा नव्हे. आमच्या घरात गोठ्यात झोपलेला माणूस एकच, तो म्हणजे आबा. आणि ज्याच्यासाठी झोपले तो सर्जा.

1995 सालच्या डिसेंबरात, मी नववीत असताना, आबा मला पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला घेऊन गेले होते. खिलारांचा बाजार ज्याने पाहिला नाही त्याला तो शब्दांत दाखवणे कठीण आहे. माळावर दावणीच्या दावणी. पांढरी, कोशी जनावरे. मागे कललेली लांब निमुळती शिंगे, आणि त्या शिंगांवरून घरंगळणारी थंडीतली उन्हे. हेडी लोक ओरडत असतात, पण खरा सौदा मुकाट्याने होतो. देणाऱ्याघेणाऱ्याचे हात उपरण्याखाली जातात, बोटे दाबली जातात, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला भाव कळत नाही. मी कुतूहलाने उपरणे उचलू लागलो तेव्हा पाठीत धपाटा बसला होता. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला ही वयाची गणती मी तिथे शिकलो. ती आजही मला वृत्तांच्या लक्षणांपेक्षा पक्की पाठ आहे. (हे विद्यापीठाच्या कानी जाऊ नये.) आबांनी आदत खोंड निवडला. खूर पाहिले, वशिंड पाहिले, भोवरे पाहिले, चालवून पाहिला. मग त्याच्याकडे पाठ करून नुसते उभे राहिले. खोंडाने पुढे येऊन त्यांच्या खांद्याचा वास घेतला. तेव्हा आबांनी हात उपरण्याखाली घातला.

किंमत साडेतीन हजार. आमच्या कन्येच्या अंड्याइतकी, नेमकी.

रहिमतपूर, मसूर मागे टाकीत, वाटेत दोन मुक्काम करून आम्ही तो पायी घरी आणला. पुढचे दिवस मी पाहिले आहेत. आठ रात्री आबा गोठ्यात घोंगडी टाकून झोपले. पहिले कितीतरी दिवस काम नाहीच. अंगावरून हात, हातानेच वैरण, आणि एकच नाव पुन्हा पुन्हा. मग घरचा जुना बैल शेजारी. नवे जनावर माणसाकडून शिकते त्याहून अधिक जुन्या बैलाकडून शिकते. मानेवर नुसते जू, मग मागे एक ओंडका, मग भुसभुशीत रानात कुळव, आणि अखेरीस रिकामी गाडी. उजव्या अंगाला शिकलेला बैल डाव्या अंगाला बावरतो, म्हणून जागाही पहिल्या दिवशी ठरवायची ती कायमची.

एकदा भर रानात तो जुवाखाली बसला तो उठेना. शेजारपाजारचे जमले. कोणी शेपूट पिळा म्हणाले, कोणी आसूड काढा म्हणाले. आबांनी जू सोडले आणि स्वतः त्याच्या शेजारी ढेकळात बसकण मारली. तंबाखू मळली. अर्ध्या तासाने खोंड आपण होऊन उठला. "दमलं हुतं," एवढेच आबा म्हणाले. सहा आठवडे कशाचे! तो नीट चालू लागला तेव्हा दुसरा पावसाळा आला होता.

आता तशी खोंडे घेतात ती बहुतेक शर्यतीसाठी. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाचे मोल लाखांत बोलले जाते. नांगराला मात्र ट्रॅक्टर. गुबुगुबु वाजवीत दारी येणारा नंदीबैलही दुर्मीळ झाला. "पाऊस पडेल का?" या प्रश्नाला तो मान हलवी तेव्हा आम्हा पोरांना तो साक्षात जादूचा प्राणी वाटे. ढोलकीच्या ठेक्यावर आणि दोरीच्या इशाऱ्यावर मान हलवायला त्याला कोणीतरी किती दिवस खपून शिकवले असेल, हा विचार फार उशिरा सुचला.

पण मी खेळ सोडून भरकटलो. तिकडे सहा आठवडे संपले होते (गोष्टीतले, घड्याळातली पाच मिनिटे) आणि कन्येने फासा टाकला. अकरा पडले. कसबाचे आठ मिळवून एकोणीस. ग्रिफन शिकला नाही.

आता सोबत्यांनी गिल्ला केला. त्यांना पुढे अजगराच्या गुहेत जायचे होते आणि नाणी संपत आली होती. "विकून टाक. निम्मे तरी येतील," असा सगळ्यांचा आग्रह. कन्या वहीवर पेन्सिल आपटीत बसली. मग एकदम आबांकडे वळून तिने विचारले, "आबा, तुम्ही सर्जाला का विकलंत?"

सर्जाच्या गोष्टी तिने आबांकडून शंभरदा ऐकल्या होत्या. त्या सगळ्या तो शेपटी उंच करून गाडी पळवतो तिथे संपत. विकल्याची गोष्ट घरात कोणी सांगत नसे.

आबा खिडकीबाहेर पाहू लागले. "घराला गरज हुती, बाळ."

"कसली?"

ते काही बोलेनात. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. ते पाहणार नाहीत हे मला ठाऊक होते. हातातला पेपर मी उगाच दोनदा घडी केला.

"माझ्या एम.ए.ची," मी म्हणालो. "2002 साली. कोल्हापूरची फी, वसतिगृह, खाणावळ. त्यातून माझी दोन वर्षं निघाली."

हे वाक्य मी त्या घरात पहिल्यांदाच उच्चारले. बावीस वर्षांत जमले नव्हते. व्याख्यानांतून कृषिसंस्कृतीवर बोललो, ग्रामीण साहित्यावर बोललो, हे नाही.

"त्याच्यापायीच न्हवं," आबा घाईने म्हणाले. "जोडीचा म्हातारा गेल्याला. येका बैलावर शेती हुती व्हय? आन् गिऱ्हाईक चांगलं हुतं. दावं तेवढं आमी ठिवून घेतलं." ते दावे अजून माळ्यावर आहे. देताना जनावर द्यावे, दावे देऊ नये, अशी आमच्याकडे रीत. मग जरा थांबून म्हणाले, "म्हैन्याभरानं बघून आल्तो."

हे मला नवे होते. "केव्हा? मला नाही बोललात."

"कराडला खत आनाया जातो म्हनून गेल्तो. त्येंच्या बांधापतुर गेलो. कुळवाला चालला हुता. उजवीलाच धरल्याला. बाभळीच्या आडनं बघितलं आन् आलो माघारी."

"जवळ नाही गेलात?" कन्येने विचारले.

"वळखलं आसतं की त्येनं. मग फिरून जुवाखाली उभा ऱ्हाया तरास झाला आसता त्येला."

भाच्याने फासे गोळा करून मुठीत धरले होते, ते तसेच राहिले. घरातून चहा आला. कोणी तरी कप खडखडवला तेव्हा सगळ्यांना बरे वाटले.

"मी विकणार नाही," कन्या म्हणाली. "पुन्हा सहा आठवडे शिकवीन. नियमात बसतं ना?"

भाच्याने पुस्तक उघडले. बसत होते. सोबत्यांनी कुरकुर केली. अजगर थांबायला तयार असेल काय, अशी शंकाही एकाने काढली. पण डाव पुढे सरकला. कन्येने फासा आबांपुढे धरला, "तुम्ही टाका, आबा. तुमचा हात चांगला आहे."

"न्हाई. जनावर तुजं हाय, तूच टाक," आबा म्हणाले. आणि तिने फासा टाकण्यासाठी हात वर केला तेव्हा पुन्हा पुढे वाकून बोलले, "आदूगर त्या घोड्यांस्नी लांब न्हिऊन बांध."