निवृत्तीची आठवण आणि कमरेचें पिस्तूल

सरकारी नोकरींत आयुष्य घालविलेल्या गृहस्थाच्या घरीं निवृत्तीचा महिना उगवला म्हणजे एक निराळीच गडबड सुरू होते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेंतील बहुतेक मंडळींस अठ्ठावन्नावें वर्ष पुरें झालें कीं त्या महिन्याच्या अखेरीस सेवेचा निरोप घ्यावा लागतो. कचेरींत समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतें, कोल्हापुरासारख्या ठिकाणीं डोक्यावर फेटा बांधला जातो. आणि घरीं मुलगे-सुना, भाऊ-भावजया यांच्यांत खल चालतो कीं, या सेवेची आठवण म्हणून घरांत काय ठेवावें? शिक्षकाच्या घरीं हा प्रश्न कठीण नसतो. त्याचीं पुस्तकें आहेत, त्याची लेखणी आहे. परंतु पोलीस खात्यांतून निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनांत कधीं कधीं अशी एक इच्छा येते कीं, ती ऐकून घरांतील वडीलधारी मंडळी क्षणभर गप्प होतात. इतकीं वर्षें जें पिस्तूल कमरेला वागविलें, तेंच आठवण म्हणून आपल्याजवळ राहिलें तर किती बरें होईल, ही ती इच्छा. आज आम्ही तिचाच विचार करणार आहों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही इच्छा हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. ज्या वस्तूचें ओझें वीस-पंचवीस वर्षें कमरेला सवयीचें झालें, ती एके सायंकाळीं टेबलावर ठेवून मोकळ्या कमरेनें घरीं यावयाचें, यांत मनाला चटका लागणें साहजिक आहे. बाहेरच्यांस शस्त्र म्हटलें म्हणजे गोळीबार दिसतो. पण ज्यानें तें वागविलें त्याला दिसतें तें अगदीं निराळें. रोज घेतांना क्रमांक पडताळून पाहणें, काडतुसें मोजून घेणें, परत देतांना पुन्हा मोजून देणें, जोतिबाच्या चैत्री यात्रेचा बंदोबस्त, गणेशविसर्जनाच्या रात्रीं पंचगंगेच्या घाटावर उजाडेपर्यंत काढलेली जागरणें, हें सारें त्या लोखंडाला चिकटलेलें असतें. पुष्कळ अधिकाऱ्यांनीं सबंध सेवेंत कोणावर एकही गोळी झाडलेली नसते, आणि त्यांच्या दृष्टीनें तोच मोठा अभिमान असतो. तेव्हां या इच्छेमागें बडेजाव आहे असें समजणें अन्यायाचें होईल. ती आपल्या उमेदीच्या वर्षांविषयींची माया आहे.

शिवाय कोल्हापूरकरांस शस्त्राची माया काय असते हें सांगावयास नको. इ. स. १८७५-७६ मध्यें इंग्लंडचे युवराज, पुढें जे सातवे एडवर्ड म्हणून राजे झाले, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असतां कोल्हापूरच्या गादीवरील चौथे शिवाजी महाराज यांच्याकडून त्यांस एक तलवार भेट गेली. महाराज त्या वेळीं केवळ बारा-तेरा वर्षांचे होते. ती तलवार आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहांत आहे, आणि तीच शिवछत्रपतींची ‘जगदंबा’ तलवार होय असें मानणारे लोक ती परत आणावी म्हणून आजही मागणी करीत असतात. दीडशें वर्षें होत आलीं, तरी एका भेटीची रुखरुख एका शहराच्या मनांतून जात नाहीं. शस्त्र कोणाच्या हातीं जावें आणि तें वस्तुतः कोणाचें, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. खात्याकडून मिळालेलें पिस्तूल ही सरकारी मालमत्ता. तें निवृत्तीपूर्वीं शस्त्रागारांत जमा करावें लागतें, आणि देणेंघेणें चुकतें झाल्याशिवाय पुढील कागद हलत नाहींत. पण गोष्ट केवळ मालकीची नाहीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें बंदूक-पिस्तूल बाळगावयास परवाना लागतो. पोलीस अधिकारी परवान्यावांचून तें बाळगतो, याचें कारण त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमांत आहे. लोकसेवक आपलें कर्तव्य बजावीत असतां जें शस्त्र बाळगतो, त्यास हा कायदा लागू नाहीं, असा त्याचा आशय आहे. वाचकांनीं ‘कर्तव्य बजावीत असतां’ या शब्दांवर क्षणभर थांबावें. सवलत मनुष्याला नाहीं. ती कर्तव्याला आहे. ज्या दिवशीं कर्तव्य संपलें त्या दिवशीं सवलत संपली, आणि कालचा रक्षक आज तेंच पिस्तूल उशाखालीं ठेवील तर तो कायद्याच्या नजरेंत गुन्हेगार ठरेल.

कोणी म्हणेल, तेंच नको, तसलेंच दुसरें विकत घेऊं. येथेंही अडचण आहे. पोलीस अधिकाऱ्यांकडे सर्रास दिसणारें नऊ मिलिमीटरचें पिस्तूल हें प्रतिबंधित बोअरचें समजलें जातें, व सामान्य नागरिकास तें सहसा मिळत नाहीं. नागरिकास परवान्यावर मिळतें तें बत्तीस बोअरचें रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कानपूरच्या सरकारी कारखान्याचें रिव्हॉल्व्हर त्यांतलेंच. पण मग ज्यानें आपल्याबरोबर एकही रात्र जागून काढली नाहीं, त्या दुकानांतून आणलेल्या वस्तूला आठवण कशी म्हणावयाची?

अमेरिकेंत रीत निराळी आहे. तेथील कित्येक राज्यांत निवृत्त होणाऱ्या पोलिसास त्याचें सेवेंतील पिस्तूल सन्मानपूर्वक भेट देतात, किंवा अल्प किंमतीस विकत घेऊं देतात. आणि २००४ च्या एका कायद्यानें, ठराविक अटी पाळणाऱ्या निवृत्त पोलिसास देशभर शस्त्र जवळ बाळगण्याची मुभाही दिलेली आहे. तेथें शस्त्र बाळगणें हा नागरिकाचा हक्क समजला जातो; आपल्याकडे ती परवानगीची बाब आहे. त्यामुळें तेथील चाल पाहून येथील मनुष्याने आपला कांहीं अपमान झाला असें मानण्याचें कारण नाहीं. आणि आमच्या मतें, आपल्या रीतीला केवळ कायद्याचाच नव्हे, तर त्याहून पुष्कळ जुना आधार आहे.

महाभारतांतील गांडीव धनुष्य अर्जुनाचें, असें आपण सहज बोलून जातों. परंतु तें त्याचें नव्हतें. खांडववनाच्या प्रसंगीं अग्नीनें तें वरुणाकडून मागून आणून अर्जुनास दिलें. कार्य होतें तोंवर तें त्याच्या हातीं राहिलें. पुढें भारतीय युद्ध संपलें, यादवांचा नाश झाला, आणि द्वारकेंतील स्त्रिया-मुलांस घेऊन जात असतां वाटेंत लुटारू आडवे आले, तेव्हां त्याच अर्जुनास त्याच गांडीवाची दोरी चढवितांना कष्ट पडले. धनुष्य तेंच होतें. काळ संपला होता. अखेर पांडव महाप्रस्थानास निघाले. राज्य सोडलें, वस्त्रें सोडलीं, पण अर्जुनाच्यानें गांडीव सोडवेना. मोह सुटला नाहीं, असें व्यासांनीं स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां अग्नि वाटेंत उभा राहिला व त्यानें सांगितलें कीं, या धनुष्याचें काम झालें, हें वरुणाचें वरुणास परत कर. अर्जुनानें तें पाण्यांत सोडलें. येवढ्या मोठ्या योद्ध्यास जें कठीण गेलें, तें ठाण्यांतील एखाद्या फौजदारास कठीण गेल्यास नवल नाहीं. मात्र परत करण्यानें अर्जुनाचें नांव उणें झालें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां घरांतल्या बाजूनें पाहूं. संबंध सेवाभर तें शस्त्र शिस्तीच्या हवाली होतें. त्याला नोंदवही होती, पहारेकरी होता, कुलूप होतें, मोजदाद होती. घरीं यांतलें काय आहे? एक कपाट, आणि त्याची किल्ली कोठें असते हें आपल्या घरांतील पांच वर्षांच्या नातवासही ठाऊक असतें! मोठ्या कुटुंबांत वस्तू एकाची राहत नाहीं. आल्यागेल्यास ती दाखविण्याचा मोह होतो, कोणी हातांत घेऊन पाहतो, कोणी ‘रिकामेंच आहे’ म्हणून चाप ओढतो. दुसरी गोष्ट बोलावयास जड, पण घरच्या स्त्रियांस ती न सांगतांही कळते. निवृत्तीनंतरचे पहिले कांहीं महिने पुरुषास फार रिकामे जातात. काल ज्याच्या शब्दावर ठाणें हलत होतें, त्याला आज भाजी आणावयास पाठवितात. अशा दिवसांत एखाद्या रात्रीं मन खचलें, घरांत शब्दास शब्द लागला, तर हाताशीं भरलेलें शस्त्र नसणें हाच मोठा आधार. शस्त्र जितकें दूर, तितका विचाराला वेळ मिळतो. आणि अशा वेळीं घटकाभराचा वेळ म्हणजे कधीं कधीं सबंध आयुष्य असतें.

सेवेंत ज्यांचें वैर पत्करावें लागलें अशा लोकांकडून एखाद्यास खरोखरच धोका असेल, तर तो विषय निराळा. त्यानें कोल्हापुरासारख्या जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा, चौकशी होऊं द्यावी, आणि परवाना मिळाल्यास शस्त्र कुलूपबंद व काडतुसें निराळीं ठेवावीं. पण त्याला संरक्षण म्हणावें. आठवण म्हणूं नये. दोहोंची गल्लत झाली कीं संरक्षणाची वस्तू दिवाणखान्यांत येते.

या निमित्तानें आणखी एक गोष्ट सुचवितों. कित्येक जुन्या वाड्यांतून आजोबा-पणजोबांची बंदूक अजून माळ्यावर पडलेली असते, आणि परवाना ज्यांच्या नांवाचा ते केव्हांच कैलासवासी झालेले असतात. अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असें कायद्याचें २१ वें कलम सांगतें. घरांत ती पुढें ठेवावयाची असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठीं सोय आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, अथवा त्याला सत्तर वर्षें पुरीं झाल्यावर किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षें झाल्यावर, कायदेशीर वारसास स्वतःच्या नांवें परवाना मागतां येतो. जें शस्त्र जुन्या बनावटीचें असून दुरुस्त करूनही चालण्याजोगें नाहीं, त्यास मात्र कायद्यांत सूट आहे. पण तें तसें आहे कीं नाहीं हें घरांतल्या घरांत ठरवूं नये. जाणत्या अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यावें.

मग आठवण म्हणून ठेवावें तरी काय? आम्ही म्हणतों, जें खरोखर त्या मनुष्याचें होतें तें ठेवावें. पिस्तूल त्याच्या आधीं दुसऱ्याचें होतें, आणि त्याच्या मागून तिसऱ्याचें होईल. उलट पोलीस शिपायाचा बक्कल नंबर घ्या. वर्षानुवर्षें साहेबानें त्याला त्याच अंकानें हांक मारली. हुपरीचे चांदीचे कारागीर आपल्याच जिल्ह्यांत आहेत. तो क्रमांक, सेवेचीं वर्षें आणि ज्या ज्या ठाण्यांत काम केलें त्यांचीं नांवें चांदीच्या पत्र्यावर कोरून घेतलीं तर याहून शोभिवंत आठवण कोणती? शिट्टी आहे, जुनी टांचणवही आहे, बदलीच्या गांवच्या लोकांनीं दिलेलीं पत्रें आहेत, दोन-तीन पिवळीं पडलेलीं छायाचित्रें आहेत. यांहूनही मोलाची गोष्ट म्हणजे त्यांच्या तोंडची हकीकत. घरांतील एखाद्या शिकत्या मुलीनें रोज सायंकाळीं अर्धा तास वही घेऊन बसावें व आजोबा सांगतील तें लिहून घ्यावें. आजीनेंही आपली बाजू सांगावी. कारण रात्रीं-अपरात्रीं दार उघडावयास जी जागत बसली, तिचीही तेवढीच सेवा झालेली असते.

शौर्य शस्त्रांत नसतें, हें महाराष्ट्राच्या पोलिसानें सर्व जगास दाखविलें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईस गिरगांव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनीं कसाबच्या स्वयंचलित बंदुकीची नळी आपल्या दोन्ही हातांनीं धरून ठेवली. सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचा हा मनुष्य. त्याच्यापाशीं पोलिसी लाठीखेरीज कांहीं नव्हतें. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाहीं, आणि म्हणून तो मारेकरी जिवंत हातीं लागला. राष्ट्रानें त्यांस मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केलें. त्या रात्रीं बंदूक दुसऱ्याच्या हातांत होती. आपण स्मरण करतों तें ओंबळ्यांच्या रिकाम्या हातांचें.

शेवटीं खात्यासही एक विनंती करावीशी वाटते. दसऱ्यास कोल्हापुरांत छत्रपति घराण्याच्या उपस्थितींत शमीपूजन होतें, सोनें लुटलें जातें, आणि त्याच सुमारास पोलीस दलांतही शस्त्रपूजनाचा कार्यक्रम होत असतो. त्या दिवशीं निवृत्त मंडळींस आग्रहानें बोलवावें, आणि पूजेचीं फुलें त्यांच्या हातून वाहवावीं. पांडवांनीं अज्ञातवासांत शस्त्रें शमीवर ठेवलीं होतीं, म्हणून तीं त्यांस परकीं झालीं नव्हतीं. वर्षांतून एकदां आपल्या जुन्या सोबत्यास त्याच्या योग्य जागीं पाहावें, हळदकुंकू वाहावें, नव्या शिपायाच्या पाठीवर हात ठेवावा आणि घरीं परतावें, यांत जें समाधान आहे तें कपाटांत कुलुपाआड ठेवलेल्या लोखंडांत नाहीं. आणि घरीं नातवानें विचारलेंच कीं, ‘आजोबा, तुमचें पिस्तूल कोठें आहे?’ तर त्यांस खुशाल सांगतां येईल, ‘बाळ, तें अजून कामावर आहे.’